गमत्या हिशेबनीस

हिशेबनीस म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक मूर्ति उभी राहते. नाकावर घसरलेला चष्मा, कानावर खोंचलेली लेखणी, समोर पसरलेली खतावणी, आणि दोन पैशांची चूक सांपडेपर्यंत दिवेलागण झाली तरी जागचा न हलणारा, कपाळाला आठ्या घातलेला मनुष्य. अशा माणसाशीं विनोद करणें म्हणजे देवळांतल्या नंदीला गुदगुल्या करणें, असा आपला समज आहे. हा समज सर्वस्वीं खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. शाळेच्या नोकरींत पगारपत्रकाच्या दिवशीं मीं असे नंदी पाहिलेले आहेत. परंतु आज ज्या हिशेबनिसाची आठवण आपणांस सांगावयाची आहे, त्यानें तेहतीस वर्षें एकाच कचेरींत आंकडेमोड केली, आणि त्याच तेहतीस वर्षांत लंडनमधल्या मोठमोठ्या बुद्धिमंतांना पोट धरून हंसावयास लावलें. त्याचें नांव चार्ल्स लॅंब.

त्याची कचेरी आपल्या परिचयाची आहे; नको तितकी परिचयाची आहे. लंडनमधील लेडनहॉल स्ट्रीटवरचें ईस्ट इंडिया हाऊस तें हेंच. आपल्या देशांतील नीळ आणि कापड, चीनमधला चहा, या सर्वांच्या लिलांवांचा जमाखर्च तेथें लिहिला जाई, आणि त्या लिहिणाऱ्यांपैकीं एक हा लॅंब होता. पुढें त्यानें स्वतःविषयीं चार ओळी लिहून ठेविल्या, त्यांत तो म्हणतो कीं, आपलीं छापलेलीं पुस्तकें हा नुसता विरंगुळा होय. आपले खरे ग्रंथ लेडनहॉल स्ट्रीटवरच्या फळ्यांवर आहेत, आणि त्या चोपड्या शंभरांनीं मोजाव्या लागतील.

लॅंबचा जन्म १० फेब्रुवारी १७७५ रोजीं लंडनमध्यें, वकिलांच्या वस्तींत झाला. वडील एका बड्या वकिलाच्या पदरीं होते. कारकून, नोकर आणि सोबती या तिन्ही नात्यांनीं. मुलगा क्राइस्ट्स हॉस्पिटल या धर्मादाय शाळेंत शिकला. त्या शाळेंत त्याला कोलरिज भेटला, आणि तो स्नेह जन्मभर टिकला. कोलरिज पुढें विद्यापीठांत गेला. लॅंब गेला नाहीं. बुद्धि कमी होती म्हणून नव्हे, तर जीभ अडखळत होती म्हणून. त्या शाळेंतले वरचे विद्यार्थी बहुधा धर्मोपदेशक व्हावयाचे, आणि तोतऱ्या माणसाला व्यासपीठावर कोण उभा करणार? तेव्हां १७८९ सालीं शाळा सुटली, कांहीं महिने साउथ सी हाऊस या दुसऱ्या एका व्यापारी पेढींत गेले, आणि ५ एप्रिल १७९२ रोजीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, हा मुलगा कंपनीच्या हिशेबखात्यांत चिकटला. पहिलीं तीन वर्षें पगार नाहीं, नुसती उमेदवारी. आपल्याकडच्या कचेऱ्यांतहि ही रीत फार दिवस चालत असे, म्हणून ती आपणांस समजावून सांगावयास नको.

ही कचेरी कशी होती याचें एक चित्र डी क्विन्सी या लेखकानें काढून ठेविलें आहे. १८०४ सालीं हा तरुण लॅंबला भेटावयास गेला. कठड्यापलीकडे कारकुनांची रांग, आणि प्रत्येकजण एका अवास्तव उंच घडवंचीवर बसलेला. डी क्विन्सीला वाटलें कीं, ही उंची मुद्दाम ठेविली असावी. थंडीच्या दिवसांत कारकुनानें शेकोटीकडे पळूं नये म्हणून उतरण्याची वाटच कठीण करून ठेविली असावी! पाहुणा आलेला पाहून लॅंब लगबगीनें उतरूं लागला. आतां त्या घडवंचीवरून उतरावयाचें म्हणजे पाहुण्याकडे पाठ करणें आलें. तेव्हां पाठमोराच हंसत हंसत तो म्हणूं लागला कीं, पहिल्या दर्शनावरून तर्क करूं नका. मी पळून जात नाहीं, फेरी पुरी झाली कीं आपल्याकडेच तोंड येईल. अनोळखी माणसाचा संकोच घालविण्याची ही त्याची रीत होती. आधीं आपण स्वतः हास्यास्पद व्हावयाचें, म्हणजे समोरच्याला मोकळें वाटतें.

आंकड्यांशीं त्याचें पटत नसे अशी त्याची स्वतःची तक्रार आहे, पण थट्टा करण्यासाठीं त्याला आंकडेहि चालत. त्याच्याजवळ व्याजाच्या कोष्टकांचें एक पुस्तक होतें. इंग्रजींत ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज, आणि ‘इंटरेस्ट’ म्हणजे वाचकाला वाटणारा रस. लॅंबनें त्या पुस्तकांत आपल्या हातानें मोठमोठ्या नियतकालिकांच्या नांवावर खोटे अभिप्राय लिहून ठेविले. एकाच्या मतें हें पुस्तक ‘इंटरेस्ट’नें ओथंबलेलें आहे, दुसऱ्याच्या मतें त्यांतील ‘इंटरेस्ट’ कोठेंहि कमी पडत नाहीं, आणि तिसऱ्याच्या मतें तर आरंभापासून शेवटपर्यंत तो वाढतच जातो! आपल्या भाषेंत हा श्लेष तसाच उतरत नाहीं; पण आपल्या अलंकारशास्त्रांत व्याजस्तुति आणि व्याजोक्ति आहेत, आणि तेथें व्याज म्हणजे बहाणा. तेव्हां हिशेबनिसाच्या वहींतील या अभिप्रायांना व्याजस्तुति म्हणावयास हरकत नसावी, दोन्ही अर्थांनीं.

पण लॅंबची खरी कमाई कचेरीबाहेरची. आठवड्यांतून एक संध्याकाळ त्याच्या बिऱ्हाडीं मित्रमंडळींची बैठक भरे. आधीं ती बुधवारीं असे, पुढें गुरुवारीं. टेंपलमध्यें वरच्या मजल्यावरच्या ठेंगण्या खोल्या, भिंतींवर जुनीं चित्रें, जुन्या बाजारांत घेतलेलीं फाटकीं पुस्तकें, तंबाखूचा धूर, मध्यें व्हिस्ट नांवाच्या पत्त्यांच्या खेळाचा डाव, आणि बाजूच्या टेबलावर थंड गोमांस आणि बिअर. खाद्यपेय आपल्या रुचीचें नाहीं, पण बैठकीचा थाट आपणांस ओळखीचा वाटेल. आपल्या गांवोगांवीं एखाद्या वैद्याच्या ओटीवर किंवा वकिलाच्या माडीवर असेच अड्डे असत. तेथें कोण कोण येई? हॅझ्लिट हा करारी टीकाकार, गॉडविन हा बंडखोर तत्त्वज्ञ, कॅप्टन कुकबरोबर समुद्रपर्यटन करून आलेला वृद्ध कॅप्टन बर्नी, लंडनमध्यें असले तर कोलरिज आणि वर्ड्स्वर्थ. राजकारणांत ही मंडळी एकमेकांचे वैरी होत. लॅंबच्या टेबलाशीं मात्र भागीदार म्हणून बसत. कोणाची राजनिष्ठा आणि कोणाची क्रांतिभक्ति याचा हिशेब या हिशेबनिसानें कधीं ठेविला नाहीं.

त्याचा विनोद तोतरेपणांतून बाहेर पडे. शब्द अडे, ऐकणारा पुढें वांके, आणि मग एकदम ती गोळी सुटे. कोलरिज बोलूं लागला म्हणजे तासन्‌तास थांबत नसे. त्यानें एकदां विचारलें, “चार्ल्स, तूं माझें प्रवचन कधीं ऐकलें आहेस काय?” कोलरिज तरुणपणीं देवळांत प्रवचनें करीत असे. लॅंबनें उत्तर दिलें कीं, तुझ्या तोंडून दुसरें कांहीं मीं ऐकलेंच नाहीं. कचेरींत उशिरा येतोस असें वरिष्ठ म्हणाले, तेव्हां जातांना मी लवकर जाऊन त्याची भरपाई करतों, असें त्यानें सांगितल्याची आख्यायिका आहे. ती खरी कीं रचलेली याची खातरी मी देत नाहीं. पण ती त्याच्याच नांवावर चिकटली यांत त्याचा स्वभाव दिसतो.

मॅनिंग नांवाचा त्याचा एक विद्वान मित्र चीनची भाषा शिकण्यासाठीं पूर्वेकडे गेला होता. तोच पुढें १८११ सालीं तिबेटांत ल्हासापर्यंत पोंचणारा पहिला इंग्रज ठरला. १८१५ च्या नाताळाच्या दिवशीं लॅंबनें त्याला लांबलचक पत्र लिहिलें कीं, तूं गेल्याला इतका काळ झाला कीं आतां लंडन ओळखूं येणार नाहीं. हा मेला, तो खचला, अमका म्हातारा होऊन काठी टेकीत चालतो. सारें खोटें! दुसऱ्या दिवशीं त्याचें त्यालाच वाटलें कीं, हजारों मैलांवर एकट्या माणसाला अशी बातमी म्हणजे क्रूरपणा होय. तेव्हां सर्व मंडळी हयात असल्याचें दुसरें पत्र त्यानें लगेच धाडलें. थट्टा करावी कशी हें पुष्कळांना येतें. दुसऱ्या दिवशीं ती परत घ्यावी, हें फार थोड्यांना सुचतें.

आतां २८ डिसेंबर १८१७ ची रात्र. हेडन नांवाच्या चित्रकारानें आपल्या चित्रशाळेंत मेजवानी दिली होती. वर्ड्स्वर्थ होता, बावीस वर्षांचा कीट्स होता, लॅंब होता. वर्ड्स्वर्थ त्या वेळीं सरकारी स्टांपाच्या खात्यांत नोकरींत होता, आणि जेवणानंतर त्याच खात्याचा एक बडा अधिकारी तेथें येऊन दाखल झाला. गृहस्थ प्रतिष्ठित; साहित्यिकांत आलों तर कांहीं साहित्यिक बोलावें म्हणून त्यांनीं गंभीरपणें विचारलें, “मिल्टन हा मोठा प्रतिभावान्‌ होता असें आपणांस नाहीं वाटत?” खोलींत शांतता पसरली. शेकोटीजवळ पेंगत असलेला लॅंब उठला, हातांत मेणबत्ती घेतली, आणि साहेबांना म्हणाला कीं, आपली कवटी जरा पाहूं द्याल काय? त्या काळीं डोक्यावरच्या उंचवट्यांवरून बुद्धि ओळखण्याचें एक शास्त्र निघालें होतें. तेवढी परीक्षा त्याला करावयाची होती. पुढें साहेबांच्या प्रत्येक प्रश्नाला तो पाठ फिरवून एक बडबडगीत म्हणूं लागला. वर्ड्स्वर्थ बिचारा वरिष्ठाची समजूत घालतो आहे, हेडन आणि कीट्स यांनीं लॅंबला ओढून शेजारच्या खोलींत नेलें आहे, आणि तेथूनहि त्याचा आवाज येतो आहे कीं, मला त्या गृहस्थांचें डोकें एकवार पुन्हां पाहूं द्या!

ही हकीकत वाचतांना मला नेहमीं एक दुसरी तारीख आठवते. त्याच वर्षीं ५ नोव्हेंबर रोजीं खडकीची लढाई झाली होती, आणि त्याच महिन्यांत पुणें कंपनीच्या हातीं गेलें. लंडनमध्यें त्या मेणबत्तीवरून हंसें पिकलें तेव्हां दुसरा बाजीराव रानोमाळ फिरत होता, आणि कोरेगांवची लढाई चार दिवसांवर आली होती. हंसणारा तो मनुष्य त्याच कंपनीचा पगार खात होता. याबद्दल त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. पण आपण मराठी माणसांनीं त्याचें चरित्र वाचतांना हें विसरावें असेंहि मला वाटत नाहीं.

श्रोतेहो, एवढ्यावर भाषण संपविलें असतें तर एका सुखी, खुशालचेंडू माणसाची ओळख झाली असती. पुष्कळ वर्षें मीहि त्याला तसाच समजत होतों. त्याचें कारण सांगतों. आमच्या शाळेंत इंग्रजीच्या वर्गाला ‘टेल्स फ्रॉम शेक्सपिअर’ हें पुस्तक असे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. प्रस्तावनेच्या पानापलीकडे लेखकाची माहिती काढण्याची संवय नव्हती. “मुलांनो, लॅंब या आनंदी लेखकानें या वीस गोष्टी लिहिल्या,” असें मी दरवर्षीं सांगत असें. हें वाक्य चूक होतें, आणि किती चूक होतें तें मला फार उशिरां कळलें. तें कळण्यासाठीं आपणांस १७९६ सालांत मागें गेलें पाहिजे.

त्या सालीं लॅंब एकवीस वर्षांचा होता. घरांत म्हातारे, बुद्धिभ्रंश होत चाललेले वडील. अंथरुणाला खिळलेली आई. एक वृद्ध आत्या. आणि त्याच्याहून दहा वर्षांनीं मोठी बहीण मेरी. मेरी शिवणकाम करून घराला हातभार लावी, आणि रात्रंदिवस आईची शुश्रूषा करी. वेडाची छाया त्या कुळावर होती. त्या वर्षाच्या आरंभीं स्वतः लॅंबहि सहा आठवडे वेड्यांच्या इस्पितळांत राहून आला होता. सप्टेंबरांत मेरीचें लक्षण ठीक दिसेना. २२ तारखेला सकाळीं तो डॉक्टराकडे गेला. डॉक्टर घरीं नव्हते. त्याच दिवशीं जेवणाची तयारी चालली असतां मेरीचा तोल गेला. टेबलावरची सुरी उचलून ती हाताखालच्या शिकाऊ मुलीच्या मागें धांवली, आई मध्यें पडली, आणि ती सुरी आईच्या काळजांत गेली. वडिलांच्या कपाळाला जखम झाली. बहिणीच्या हातांतून सुरी काढून घेणारा चार्ल्स होता.

त्यानें त्यानंतरच्या दिवसांत कोलरिजला लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत. त्यांत एक प्रसंग आहे. दुसऱ्या दिवशीं रात्रीं त्याच्या घरांत वीसेक माणसें जेवावयास बसलीं होतीं. कोणी स्नेहानें आलेलें, कोणी कुतूहलानें, कोणी स्वार्थानें. आपल्याकडे सुतकाच्या घरीं चूल पेटत नाहीं. तेथें रीत निराळी. हळूहळू मंडळींत हास्यविनोद सुरू झाला, आणि चार्ल्सहि त्यांत सामील होण्याच्या बेतांत होता. एकदम त्याला आठवलें कीं, पलीकडच्या खोलींत आईचें प्रेत आहे. तो उठून आंत गेला, आणि शवपेटीपाशीं गुडघे टेकून आईची क्षमा मागूं लागला. आपण तिला इतक्या लवकर विसरलों म्हणून. पुढें त्यानें एका पत्रांत सहज लिहिलें आहे कीं, गंभीर प्रसंगीं मला हंसूं येतें, हॅझ्लिटच्या लग्नांत मला बाहेर काढण्याची वेळ आली होती. त्या वाक्यावर वाचक हंसतात. मला मात्र ती पलीकडची खोली आठवते.

पंचांनीं मेरीला वेडी ठरविलें. आतां प्रश्न असा कीं, तिचें करावयाचें काय? थोरला भाऊ जॉन मिळवता होता, पण त्याचें मत तिला इस्पितळांतच ठेवावें असें पडलें. इतरांचेंहि तेंच. तेव्हां चार्ल्सनें काय केलें? त्यानें हिशेब मांडला! त्याच पत्रांत तो कोलरिजला सांगतो: घराचें वार्षिक उत्पन्न १७० किंवा १८० पौंड होईल, त्यांतून मेरीसाठीं ५० किंवा ६० पौंड काढतां येतील, म्हणजे तिला सार्वजनिक इस्पितळांत टाकावें लागणार नाहीं, उरलेल्या १२०-१३० पौंडांत वडील, एक म्हातारी मोलकरीण आणि मी यांचें भागलें पाहिजे. आईच्या मृत्यूला दोन आठवडे झाले नाहींत, आणि एकवीस वर्षांचा पोर जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी करतो आहे. एरवीं तो आंकड्यांना कितीहि नांवें ठेवो. कंपनीनें शिकविलेल्या जमाखर्चाचा याहून पवित्र उपयोग कोणीं केला असेल असें मला वाटत नाहीं. साहित्याचे पंडित हळहळतात कीं, अशा प्रतिभेला खतावणीशीं जुंपलें. मी त्यांच्याशीं सहमत नाहीं. ती खतावणी नसती तर मेरीला घर नसतें.

१७९९ सालीं वडील वारले, आणि मेरी भावाकडे राहावयास आली ती कायमची. तिच्या वेडाचे झटके मात्र थांबले नाहींत; जवळजवळ दरवर्षीं येत, आणि येण्यापूर्वीं तिला चाहूल लागे. मग दोघें पायींच इस्पितळाकडे निघत. लॉइड नांवाच्या त्यांच्या एका स्नेह्यानें त्यांना शेतांमधल्या वाटेनें जातांना पाहिलें. भाऊबहीण हातांत हात घालून रडत चाललीं होतीं. प्रवासाला जातांना वेड्याला बांधावयाचा अंगरखा तीं सामानांत बरोबर घेत, आणि तो मेरी आपल्या हातानें बांधून ठेवी. शेजाऱ्यांत कुजबूज होई, आणि बिऱ्हाड बदलावें लागे. बुधवारची बैठक अशा घरांत भरत होती. कधीं एखादा बुधवार चुकला, तर मंडळी समजून जात आणि विचारीत नसत.

आतां माझ्या चुकीकडे येतों. शेक्सपिअरच्या त्या वीस गोष्टी १८०७ सालीं प्रसिद्ध झाल्या. त्यांतील चौदा मेरीनें लिहिल्या आहेत. चार्ल्सच्या वांट्याला सहा शोकांतिका. मुखपृष्ठावर मात्र एकट्या चार्ल्सचें नांव छापलें होतें. मेरीनें एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत त्या लेखनाचें चित्र आहे: दोघें एकाच टेबलाशीं बसतों, मी तपकीर ओढतें, आणि तो कण्हत असतो कीं आपल्याला हें मुळींच जमत नाहीं, गोष्ट संपेपर्यंत तो असेंच म्हणत राहतो. म्हणजे ज्या गोष्टींनीं आमच्या वर्गांतल्या पोरांना हंसविलें, बीट्रिस आणि बेनेडिक यांचीं भांडणें, जंगलांतली रोझॅलिंड, त्या सर्व या बाईच्या होत्या. आणि मी पंचवीस वर्षें तिचें नांवहि घेतलें नाहीं. माझे त्या वेळचे विद्यार्थी आज कोठें कोठें असतील. त्यांच्यापैकीं कोणाच्या कानीं हें पडत असेल, तर त्यांनीं ती दुरुस्ती करून घ्यावी.

लॅंबच्या स्वतःच्या उद्योगांत अपयशहि भरपूर आहे, आणि त्याची त्याला मौज वाटे. १८०६ सालीं त्याचें एक प्रहसन ड्रुरी लेन नाटकगृहांत लागलें. नायकाला आपलें आडनांव इतकें लाजिरवाणें वाटतें कीं, तो नुसतें आद्याक्षर सांगतो. शेवटीं नांव फुटतें. प्रेक्षकांनीं पहिल्याच रात्रीं नाटक हूट करून पाडलें, आणि त्या गलक्यांत खालीं बसलेला नाटककार स्वतः सामील झाला! १८१९ सालीं फॅनी केली या नटीला त्यानें पत्रानें लग्नाची मागणी घातली. त्याच दिवशीं नकार आला, आणि त्याच दिवशीं लॅंबनें एक कोटी करून त्या पत्राला उत्तर लिहिलें. नकाराचें कारण तिनें आपल्या बहिणीला कळविलें होतें: त्या घरावरच्या दुःखाची तिला भीति वाटली. बिचारीचें काय चुकलें? लॅंब मद्यहि फार घेई, आणि घेतल्यावर वेडेंवांकडें बोले. हें झांकून ठेवण्यांत मला अर्थ दिसत नाहीं. त्यानें स्वतः झांकलें नाहीं.

ज्या निबंधांनीं तो अमर झाला ते त्यानें पंचेचाळिसाव्या वर्षीं लिहावयास घेतले. १८२० सालीं ‘लंडन मॅगेझिन’मध्यें साउथ सी हाऊसमधल्या जुन्या कारकुनांवर त्याचा पहिला लेख आला. खालीं सही ‘एलिया’. हें नांव त्याच पेढींतल्या एका इटालियन कारकुनाचें. तुझें नांव मीं चोरलें आहे असें सांगून दोघांनीं हंसावें म्हणून लॅंब त्याला भेटावयास गेला, तों कळलें कीं तो कारकून क्षयानें वारून कांहीं महिने झाले. १८२३ सालीं निबंधांचें पुस्तक निघालें. आपल्याकडे फडके, काणेकर, खांडेकर यांनीं लघुनिबंध रुळविला, आणि त्या प्रकाराची वंशावळ काढूं लागलें तर वर कोठेंतरी हा एलिया भेटतो. डुकराचें मांस प्रथम कसें भाजलें गेलें यावरचा निबंध वाचून हंसावें, तों त्याच पुस्तकांत ‘स्वप्नांतलीं मुलें’हि भेटतात. शेकोटीपाशीं एक गृहस्थ आपल्या दोन मुलांना पणजीच्या गोष्टी सांगतो आहे, आणि शेवटीं कळतें कीं मुलें नाहींतच. तो अविवाहित असून खुर्चींत झोंप लागली होती, आणि शेजारीं बहीण बसली आहे.

२९ मार्च १८२५ रोजीं कंपनीनें त्याला निवृत्त केलें. पेन्शन ४५० पौंड. त्यांतून मेरीच्या पुढच्या तरतुदीसाठीं दरसाल ९ पौंड कापले जात, म्हणजे हातीं ४४१. हा आंकडा आणि ती वजाबाकी त्यानें वर्ड्स्वर्थला मोठ्या आनंदानें कळविली आहे. पण त्याचा निवृत्तीवरचा निबंध ज्यानें ताजा ताजा निवृत्त होऊन वाचला असेल त्यालाच तो पुरता समजेल. पहिले कांहीं दिवस आपण सुखी आहों असें नुसतें वाटत राहतें. सुख हातीं लागत नाहीं. रविवार हा रविवारासारखा वाटेनासा होतो. पाय आपोआप कचेरीकडे वळतात, आणि तेथें आपल्या खुंटीवर दुसऱ्याची टोपी असते. मीं तो निबंध शाळा सुटल्यानंतरच्या जूनमध्यें वाचला. घंटेच्या वेळीं अंगरखा चढवून मी दारापर्यंत जात असें, आणि घरांतून विचारणा होई कीं, कोठें निघालांत?

मेरीचे झटके उत्तरोत्तर लांबत गेले. शेवटीं शेवटीं तर तिची देखभाल करणाऱ्या लोकांच्या घरींच, एडमंटनला, तो तिच्यासह राहावयास गेला. २५ जुलै १८३४ रोजीं कोलरिज वारला. तो घाव लॅंबला पेलला नाहीं. मित्रांत बसलेला असतां मध्येंच, ‘कोलरिज गेला,’ असें तो पुटपुटे. डिसेंबरांत रस्त्यानें जातांना तो अडखळून पडला, तोंडाला खरचटलें, त्या जखमेंतून विसर्प पसरला, आणि २७ डिसेंबरला तो गेला. एकोणसाठ वर्षांचा होता. ज्या घरांत तो वारला त्याच घरांत मेरी होती, पण काय घडलें हें नीट समजण्याच्या स्थितींत ती त्या दिवशीं नव्हती. पुढें भान आल्यावर ती त्याची कबर दाखवी, आणि ती जागा त्यानेंच पसंत केली होती असें सांगे.

मेरी आणखी बारा वर्षें जगली. ते नऊ नऊ पौंड तिच्या उपयोगीं पडले. त्याचा मित्र टॅलफर्ड यानें १८३७ सालीं लॅंबचीं पत्रें छापलीं, तेव्हां १७९६ च्या सप्टेंबरांतली हकीकत त्यानें सारी गाळली. घरांत मेरी होती. बुधवारच्या बैठकींतल्या जवळच्या मंडळींना ती ठाऊक होती. बडबडे, भांडखोर, एकमेकांचीं उणींदुणीं छापून काढणारे ते लेखक. पण ही गोष्ट त्यांच्यापैकीं कोणीं वाचकांपुढें मांडली नाहीं. २० मे १८४७ रोजीं मेरी वारली, आणि एडमंटनच्या देवळाच्या आवारांत भावाच्याच कबरींत तिला ठेविलें. त्यानंतर दुसऱ्या वर्षीं टॅलफर्डनें गाळलेलीं पत्रें प्रसिद्ध केलीं.